हुकुमाने भरलेला बाजार

बँकॉकच्या उत्तर भागात शनिवार-रविवारी गजबजणारा चातुचाक बाजार जगातील मोठ्या उघड्या बाजारांत गणला जातो आणि प्रवासवर्णनांत तो बहुधा आपसूक वाढलेला पसारा म्हणून येतो. त्याचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. हा बाजार सरकारी धोरणातून जन्मला, सरकारच्या सोयीने जागा बदलत राहिला आणि आजही दुसऱ्याच्या जमिनीवर भाडेकरू म्हणूनच उभा आहे.

1940 च्या दशकात पंतप्रधान प्लेक फिबुनसोंगखराम यांनी प्रत्येक प्रांतात एक बाजार असावा असे धोरण आखले, आणि राजधानीत त्यासाठी सनाम लुआंग हे राजवाड्यालगतचे, राजघराण्याच्या अंत्यसंस्कारांसाठी व अन्य सोहळ्यांसाठी राखलेले मैदान मुक्रर झाले. तेथून बाजार लवकरच उठवला गेला, आसपासच्या जागांवर फिरला आणि 1958 मध्ये पुन्हा मैदानावर परतला. पुढे 1982 मध्ये बँकॉकच्या स्थापनेला दोनशे वर्षे पूर्ण होणार असल्याने 1978 साली पंतप्रधान क्रियांगसाक चमानन यांच्या सरकारने मैदान मोकळे करण्याचे ठरवले, तेव्हा थायलंडच्या सरकारी रेल्वेने आपली जमीन देऊ केली आणि 1983 पर्यंत सारे विक्रेते तेथे स्थलांतरित झाले. शहराच्या कडेला फेकला गेलेला बाजार मोडेल, अशी भीती वाटण्याजोगीच ती परिस्थिती होती. पण 1999 मध्ये उन्नत रेल्वे आणि 2004 मध्ये भुयारी रेल्वे त्याच्या दारापर्यंत आली आणि ती कड मध्यवर्ती होऊन बसली.

बाजाराचे क्षेत्र सुमारे 68 राय (राय हे थाई जमीनमापनाचे एकक, 1,600 चौरस मीटरांचे), म्हणजे साधारण 27 एकर आहे, आणि त्यात दहा हजारांहून अधिक गाळे 27 विभागांत वाटलेले आहेत. विभागांभोवती फिरणारा एक रुंद रस्ता आणि 1987 मध्ये राजे भूमिबोल यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त उभारलेला घड्याळाचा मनोरा, या दोनच खुणा नवख्याच्या कामी येतात, कारण आतल्या सोई, म्हणजे गल्ल्या, इतक्या अरुंद आहेत की समोरून येणाऱ्याला वाट देताना अंग चोरावे लागते आणि पत्र्याखालचा उकाडा दुपारी असह्य होतो. त्यातही ताईतांच्या गाळ्यांपाशी थांबावे असे काही असते: बुद्धप्रतिमा उमटवलेली बोटभर मातीची किंवा धातूची चकती हातावर घेऊन गिऱ्हाईक भिंगातून तिच्या कडा, झीज आणि मातीचा पोत न्याहाळत राहतो, आणि विक्रेताही त्याला घाई करत नाही. कपडे, जुन्या जीन्स, सिरॅमिकची भांडी यांच्या गल्ल्यांना असा संयम ठाऊक नाही. रोपांचा बाजार मात्र बुधवारी-गुरुवारी भरतो, त्यामुळे केवळ शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकाला त्याची खरी ओळख होत नाही.

या वैविध्याची एक काळी बाजूही आहे. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने 2008 मध्ये येथे चालणाऱ्या कासवांच्या विक्रीची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यानंतर जून 2024 मध्ये बाजाराला लागूनच असलेल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांना पहाटे आग लागली, शंभराहून अधिक दुकाने जळाली आणि पिंजऱ्यांत बंद असलेले सुमारे हजार प्राणी मेले. पिंजऱ्यात कोंडलेल्या जिवांना पळण्याचीही सोय नव्हती, ही गोष्ट निव्वळ अपघात म्हणून बाजूला सारणे कठीण आहे.

जमिनीचा प्रश्न अजून संपलेला नाही. 2012 च्या प्रारंभी रेल्वेचा बँकॉक महापालिकेशी असलेला भाडेकरार संपला, रेल्वेने कारभार स्वतःकडे घेतला आणि गाळ्याचे मासिक भाडे 3,157 बाटपर्यंत वाढवले; पुढे कारभार महापालिकेकडे परतला तेव्हा ते 1,800 बाटवर आणण्यात आले. या सवलतीचा लाभ मात्र प्रत्यक्ष दुकान चालवणाऱ्यांपैकी सर्वांना मिळेलच असे नाही, कारण मूळ भाडेकरूंपैकी अनेक जण आपला गाळा पोटभाड्याने देतात आणि तो दर नियमांच्या बाहेर, बाजाराच्या तेजीमंदीवर ठरतो.