उघड्यावरचा आवाज: देवरीची मंडई आणि वेकबोर्डची नौका

देवरीसह पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने रात्रभर रंगणारी नाटके आणि पाण्यावर वेकबोर्डपटूला ओढत नेणारी नौका यांच्यापुढे ध्वनीचा प्रश्न एकच असतो. आवाज परतवायला भिंती नसल्याने अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे 6 डेसिबलने घटते. म्हणूनच नौकेच्या टॉवरवरचे, म्हणजे दोर बांधायच्या उंच कमानीवरचे, स्पीकर बदलताना केवळ मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेणे व्यर्थ ठरते, कारण शक्ती दुप्पट करूनही जेमतेम 3 डेसिबल वाढतात. त्याऐवजी संवेदनशीलता, म्हणजे 1 वॅट शक्तीवर 1 मीटर अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी, पाहावी. 90 ऐवजी 96 डेसिबलचा स्पीकर तेवढ्याच शक्तीत चौपट शक्तीचा परिणाम देतो. ही किमया अशा स्पीकरमधल्या कर्ण्याची आहे, कारण तो चिमुकल्या पडद्याचे कंपन हवेत परिणामकारकपणे उतरवून एका दिशेला एकवटतो. गावच्या भोंग्याचे तत्त्व नेमके हेच, परंतु त्यात खर्ज जवळजवळ नसल्यामुळे संवाद दूरवर स्पष्ट पोहोचतो आणि ढोलकी मात्र पोकळ वाटते. म्हणून टॉवरच्या चांगल्या स्पीकरमध्ये कर्ण्याच्या जोडीला खर्जासाठी कागदाऐवजी पाणी न शोषणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनचा शंकू बसवलेला असतो.