मोटरसायकलची उंची कमी करताना

जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूरला सामानासह जाणाऱ्या मोटरसायकलस्वाराचे पाय गाडी थांबवताना जमिनीवर नीट टेकणे आवश्यक असते. २०१६ साली बाजारात आलेल्या ‘हिमालयन’ गाडीचे आसन ८०० मिलिमीटर उंचीवर होते. कमी उंचीचे चालक म्हणून मागील शॉक ॲब्सॉर्बर आखूड करून घेतात. त्यामुळे चाकाला वरखाली होण्यास जागा कमी उरते. खड्ड्याचा धक्का थेट पाठीच्या कण्यास बसतो. केवळ मागची बाजू खाली आल्याने पुढील फोर्क अधिक तिरका होतो व गाडी वळवताना जड वाटते. इंजिनाचा तळ गतिरोधकास घासतो. साइड स्टँड तेवढाच लांब राहिल्यास उभी केलेली गाडी पुरेशी कलत नाही आणि लहानशा धक्क्याने विरुद्ध बाजूस पडते. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आसनातील फोम कमी केल्यास बैठक थोडी कठीण होते, परंतु फोर्कचा कोन बदलत नाही.