पगार नाही, तरी ते कामच

सेवाकार्यासाठी वर्ष-दोन वर्षं परदेशी जायचं ठरलं की घरात सल्लागारांना तोटा नसतो. ओळखीतला एजंट, आधी जाऊन आलेला मित्र, सोसायटीतले निवृत्त काका, सगळ्यांचा सूर एकच: ‘पगार घेणार नाहीस ना? मग टूरिस्ट व्हिसावर जा. फुकट काम करणाऱ्याला कोण अडवतंय?’

अडवतात. अनेक देशांचे कायदे तुम्ही पैसे घेता का एवढंच पाहत नाहीत. तिथे येऊन काय करता, हे पाहतात. ब्रिटनचंच घ्या. तिथल्या गृहखात्याच्या नियमांनुसार पाहुणा म्हणून आलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस सेवा करता येते. त्यापुढे ‘चॅरिटी वर्कर’ व्हिसा लागतो. तो फार तर १२ महिन्यांचा, मान्यताप्राप्त संस्थेनं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र दिलं तरच मिळणारा, आणि गंमत म्हणजे बिनपगारी कामासाठीच राखलेला. ‘पगार नाही म्हणजे व्हिसा नाही’ म्हणणाऱ्या काकांनी याचा काय अर्थ लावायचा?

टांझानियात स्वयंसेवकांना ‘सी’ वर्गाचा निवास परवाना काढावा लागतो. जर्मनीत ‘एफएसजे’ किंवा ‘बीएफडी’ या योजनांखाली वर्षभर वृद्धाश्रमात, रुग्णालयात सेवा करायला आपल्याकडची जर्मन शिकलेली मुलंही जातात. त्यांना हातखर्चाचे पैसे आणि सामाजिक विमा मिळतो, पण त्यासाठी भारतातूनच दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो. ९० दिवसांच्या शेंगेन व्हिसावर हे जमत नाही.

तरीही कुणी तोंडानं ‘फिरायला आलोय’ म्हणतो आणि बॅगेत वर्षभराचं नियुक्तिपत्र असतं. इमिग्रेशनच्या काउंटरवर ती बॅग उघडली की पुढचं विमान परतीचं असू शकतं. शिवाय पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ‘याआधी प्रवेश नाकारला होता का?’ हा प्रश्न उभा राहतो. सल्ला देणारा एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

म्हणून तयारी कागदांपासून. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. पदवी-दाखल्यांवर अपोस्टिल लागत असेल, तर आधी राज्य पातळीवर साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. सहा महिन्यांहून जास्त काळ ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाची तपासणीही ठरलेल्या केंद्रांतच करावी लागते. हे सगळं शेवटच्या आठवड्यात उरकत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘यलो फीवरची लस निघायच्या आदल्या दिवशी घेऊ.’ प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं, आणि लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. युगांडासारख्या देशातून परतताना ते नसेल, तर भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. मात्र जुनं प्रमाणपत्र फेकू नका: जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

‘आपण भारतात वाढलो, मलेरिया काय करणार?’ लहानपणी चावलेल्या डासांचं कवच जन्मभर पुरत नाही. आफ्रिकेत बहुतांशी फाल्सिपॅरम, म्हणजे जीवघेणा मलेरिया आढळतो. डॉक्टर सांगतील ती प्रतिबंधक गोळी वेळेवर घ्यायचीच.

‘सेवा करायला मन मोठं असलं की झालं.’ संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ म्हणून जायला वयाची २७ वर्षं आणि कामाचा अनुभव लागतो.

‘अशा ठिकाणी जायला पैसे भरावेच लागतात.’ त्याच योजनेत अर्जाला शुल्क नाही. उलट निर्वाहभत्ता आणि आरोग्यविमा मिळतो. तिच्या नावानं कुणी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली, तर तो ठग समजावा.

‘बँकेचं काय, मोबाइलवरून होईल.’ रिचार्ज संपून भारतातलं सिम बंद पडलं की ओटीपी येत नाही आणि स्वतःचेच पैसे अडकतात. निघण्याआधी रिचार्जची जबाबदारी घरातल्या कुणावर तरी सोपवावी, रोमिंग सुरू करून ठेवावं आणि बँकेला नवा पत्ता कळवावा.