घाटातून धान्य आले, तरी माणसे मेली

कुसगाव-लोणावळ्याच्या डोंगरांत कोसळणारा पाऊस पूर्वेकडे झपाट्याने उणावत जातो. १८७६ मध्ये दख्खनच्या पठारावर तो पुरता फिरकलाच नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील इंदापूर, भीमथडीसारख्या तालुक्यांत पिके करपली. १८६३ मध्ये सुरू झालेला बोरघाटाचा लोहमार्ग तेव्हा तेरा वर्षांचा होता. मुंबईहून धान्याच्या वाघिणी मावळातूनच पठारावर जात होत्या. तरीही १८७६ ते १८७८ या काळात मुंबई इलाख्यात नेहमीपेक्षा सुमारे आठ लाख अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. धान्य पोहोचले होते. ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती.

काम हीच कसोटी

सरकारी मदतीचे धोरण सरळ होते. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने दुष्काळी कामावर खडी फोडावी, माती वाहावी. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेनुसार पुरुषाची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा इतकी खाली आली. स्त्रिया व मुलांना त्याहून कमी. गावापासून दूरच्या कामांवर जाण्याची सक्तीही झाली. हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने या कपातीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली.

निवाऱ्यातील मृत्यू

ज्यांना उभेही राहवत नव्हते, त्यांच्यासाठी ‘पुअर हाउस’ म्हणजे निराधारांची सरकारी निवारागृहे होती. तेथे शिजवलेले अन्न मिळे. पण त्यासाठी घरदार सोडावे लागे. सर्वांसाठी एकाच चुलीवर रांधलेले अन्न जातीच्या बंधनांमुळे अनेकांना वर्ज्य वाटे. त्यामुळे कुटुंबे शेवटच्या घटकेपर्यंत तिकडे फिरकत नसत. खंगलेल्या शरीराला आलेले अन्न पचत नसे. त्यात गर्दी आणि दूषित पाणी. हगवण व पटकी पसरायला वेळ लागत नसे. दुष्काळात भुकेपेक्षा रोगानेच अधिक माणसे मरतात, ते यामुळेच.

सत्यशोधक समाजाने वेगळी वाट धरली. १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडी येथे ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ सुरू करून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली. वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील निवारागृहे व मदत छावण्या पाहिल्या आणि तेथील निराधार मुलींना पुणे जिल्ह्यात आणले. पुढे केडगावचे मुक्तिसदन त्यांचे घर झाले. स्वतः रमाबाईंनी तरुणपणी आई, वडील आणि बहीण उपासमारीतच गमावले होते.

दयेकडून हक्काकडे

१८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळ संहिता तयार झाली. निवारागृहांचे नियम तीत आले, पण मदत ही सरकारची मेहेरबानीच राहिली. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा केला. टेंपल यांच्या कपातीनंतर शंभर वर्षांनी, मागेल त्याला काम हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला. निवाऱ्याच्या दारात पोहोचेपर्यंत माणूस खंगू नये, एवढा धडा शिकायला एक शतक लागले.