हिवताप, पारिजातक आणि सुप्याचा माळ

हिवतापावरच्या वनस्पतींचा आढावा म्हटला की सिंकोनाची साल, १८२० मध्ये पॅरिसला त्यातून काढलेलं क्विनाइन, मग क्लोरोक्विन हे ओघानं आलंच. वाचकांना ते पाठ आहे. सातविणीचंही थोडक्यात उरकतो: सालीचा बोलबाला खूप, पण उंदरांवरच्या प्रयोगांत तिनं परजीवी मारल्याचं दिसलं नाही. तरी कुटकी, किराईत आणि सागरगोट्याच्या जोडीनं ‘आयुष-६४’ या औषधात तिला जागा मिळाली.

मला बोलायचंय पारिजातकाबद्दल. अंगणातला म्हणून आपण त्याला ओळखतो. मध्य भारताच्या जंगलांत तो रानचाच आहे. पान चोळून बघा, कानशीसारखं खरखरीत लागतं, आणि जिभेवर कडवटपणा बराच वेळ राहतो. मुंबईत डॉ. अशोक वैद्य यांच्या गटानं हा पाला परंपरेत देतात तसाच दिला: मध्यम आकाराची पाच ताजी पानं वाटून, दिवसातून तीनदा. १२० रुग्णांपैकी ९२ जण सात दिवसांत बरे झाले, आणखी २० दहाव्या दिवसापर्यंत, आठांना पुरेसा गुण आला नाही. २००८ मध्ये हे छापून आलं. माणसापासून सुरुवात करून मग प्रयोगशाळेत जायचं, ही वैद्यांची उलटी वाट मला आजही सर्वांत सरळ वाटते. (घरी कुणी हा प्रयोग करू नये. फाल्सिपेरम या परजीवीचा ताप मेंदूत गेला तर वेळ हाती राहत नाही. आधी रक्त तपासा.)

औषध कसं देतात याला एवढं महत्त्व का, ते चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी दाखवलं. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून प्यायला सांगितलं होतं, उकळायला नाही. बाईंनी १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरनं अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे अजूनही सगळा पाला एकाच साच्यात अल्कोहोलमध्ये उकळतात आणि ‘क्रिया आढळली नाही’ असं लिहून मोकळे होतात.

काही विद्वानांचं तर म्हणणं, संगणकावर रेणू जुळवले की झालं. झाड कोणतं, कुठलं, कोणत्या महिन्यात तोडलं, याचा त्यांच्या निबंधात पत्ता नसतो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९९९ मध्ये आला, तो पायपीट करूनच. ती पायपीट आता कुणालाच नको आहे.

त्याच जिल्ह्यातल्या आमच्या सुप्याकडचा माळ तर कुणाच्याच खिजगणतीत नाही. संशोधक सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जातात. दख्खनच्या कोरड्या रानात मात्र कडू नाई उगवते, किराईताच्याच कुळातली, पेरापेरावर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. लोक तापावर तिचा काढा देतात. किराईतातलं स्वर्शियामारिन हे कडू द्रव्य तिच्यातही आहे. ते हिवतापाच्या परजीवीवर किती चालतं, ताज्या रसात किती आणि काढ्यात किती, हे नीट वेगवेगळं तपासायला हवं.

आर्टेमिसिनिनला दाद न देणारे परजीवी कंबोडियात २००८ च्या सुमारास दिसले, पुढे रवांडा आणि युगांडातही. नवं औषध लागणारच आहे. इकडे सुप्यात औद्योगिक वसाहतीच्या शेड माळावर सरकत चालल्या आहेत. त्याआधी कडू नाई फुलावर असताना मुळासकट उपटून, वाळवून, तारीख-ठिकाण लिहून पुण्याच्या आघारकर संस्थेच्या किंवा वनस्पती सर्वेक्षण विभागाच्या संग्रहात जमा झाली पाहिजे.