रंग खरवडताना

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घरातल्या जुन्या वस्तू माणसाची परीक्षा पाहू लागतात. यंदा आमच्या नेरूळच्या घरात ती परीक्षा एका वीतभर उंचीच्या पुतळ्याने घेतली. अश्वारूढ शिवाजी महाराजांचा हा रेझिनचा पुतळा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, २००३ साली निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी दिलेला. मुळात तो मोठा सुबक होता. पण दहा वर्षांपूर्वी अण्णांना काय लहर आली कोण जाणे, नातवाच्या शाळेच्या पेटीतले ॲक्रिलिक रंग घेऊन त्यांनी तो स्वतःच रंगवून काढला. हात कापत असे, नजर अधू झालेली. रंगाची अशी पुटे चढली की महाराजांचे नाक-डोळे बुजले आणि घोड्याची आयाळ चिखलात लोळल्यासारखी दिसू लागली. “रंग विटला होता रे,” एवढेच त्यांनी कारण सांगितले होते.

अण्णांना जाऊन तीन वर्षे झाली. यंदा आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले, “बाबा, याचा सगळा रंग उतरवून मी पुन्हा रंगवतो.” चिरंजीव अकरावीत आहेत. परदेशी चित्रकथांतल्या वीरांचे रेझिनचे पुतळे जमवणे आणि त्यांचे जुने रंग काढून नवे देणे हा त्यांचा छंद. मी साफ नाही म्हणालो. तो ओबडधोबड रंग म्हणजे अण्णांच्या हातचे शेवटचे काम. ते पुसायचे?

“अहो, सप्तशृंगीच्या अंगावरचा शेंदूर नाही का काढला?” सौ. म्हणाली.

वाचकांना आठवत असेल, नाशिक जिल्ह्यातील वणीच्या गडावर २०२२ साली हे काम झाले. कड्यातच कोरलेली ती अठरा भुजांची मूर्ती, आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. तो उतरवला तेव्हा हजार किलोंहून अधिक भरला. शेंदूर म्हणजे शिशाची भस्मासारखी तांबडी पूड. तेलात कालवून लावली की वाळून दगडासारखी कठीण होते. एकेका भक्ताने श्रद्धेने एकेक बोट लावावे आणि देवीचे मूळ रूप मात्र आत आत जावे! त्या वर्षीच्या नवरात्रात लोकांनी ते कोरीव रूप पाहिले आणि हात जोडले.

मीही मास्तर. उलट दाखला दिला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली ग्रीकांच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पे पांढरी शुभ्र करण्यासाठी तांब्याच्या हत्यारांनी खरवडली. मळ म्हणून काढला त्याच्याबरोबर संगमरवराचा मूळ पृष्ठभागही गेला, आणि तो काही परत आला नाही. म्हणजे काय उतरवायचे आणि कोठे थांबायचे, हे ज्याला कळते त्यानेच हात घालावा.

“म्हणूनच म्हणतो, मला करू द्या,” चिरंजीव म्हणाले. यावर मजजवळ उत्तर नव्हते.

परवानगी दिली, पण स्वस्थ बसवेना. आपणही हातभार लावावा म्हणून सौ.ची नखांचा रंग काढण्याची बाटली घेतली आणि कापसाचा बोळा चौथऱ्याच्या कडेला घासला. रंग निघाला खरा, पण खालचे रेझिनही चिकट आणि निस्तेज झाले. चिरंजीव धावत आले. “बाबा, थांबा! त्यात ॲसिटोन असतं!”

मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. रेझिन म्हणजे आपली राळच, पण झाडाची नव्हे, कारखान्यातली. दोन द्रव मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांत असे जखडतात की घट्ट झालेला पदार्थ पुन्हा वितळत नाही. तरी ॲसिटोन त्यात शिरून त्याला मऊ करते. कॉस्टिक सोडाही काही रेझिनांना खातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र ॲक्रिलिक रंगाची पकड सैल करते आणि रेझिनला सहसा इजा करीत नाही. तरीही आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी, थेंबभर लावून पाहायचे. हातात रबरी मोजे, खिडक्या सताड उघड्या, आणि हा द्रव झटकन पेट घेणारा, म्हणून जवळपास पणती नाही की उदबत्ती नाही. (मराठीच्या प्राध्यापकाला राळ ठाऊक असते ती टीकेची!)

झाकणाच्या बरणीत महाराज रात्रभर बुडून राहिले. सकाळी चिरंजीव दात घासण्याच्या मऊ ब्रशाने हळूहळू रंग सोडवू लागले. पुटे सालीसारखी सुटत होती. जिरेटोप दिसला, आयाळीचे केस दिसले, बुजलेले डोळे उघडले. आणि एकाएकी तलवारीचा हात मनगटापाशी निखळून बरणीत पडला.

“मोडलास!” मी ओरडलो.

तो काही बोलेना. मग हळूच म्हणाला, “आत्ता नाही बाबा. तेव्हाच मोडला होता.”

मी पाहिले. मनगटावर जुन्या डिंकाचा पिवळट थर होता. सात वर्षांचा असताना दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला हा पुतळा त्याने कोणाला न विचारता खाली नेला होता. इमारतीच्या अंगणात तो पडला आणि हात तुटला. आजोबांनी जोडून दिला, सांधा दिसू नये म्हणून त्यावर रंग दिला, आणि तो ठिगळासारखा दिसू लागला तेव्हा सगळाच पुतळा रंगवून टाकला. “बाबाला सांगू नकोस, तो फार रागावतो,” असे बजावले होते म्हणे.

दहा वर्षे मी त्या रंगाला म्हातारपणची लहर समजत होतो. कित्येकदा पाहुण्यांसमोर हसलोही होतो. नातवाला वाचवण्यासाठी अण्णांनी तो हसा निमूटपणे सोसला. आणि वाचवले कोणापासून? माझ्यापासून!

चिरंजीवांनी मनगटात बारीक तार घालून, दोन नळ्यांतला एपॉक्सी कालवून हात पक्का बसवला. साबणाच्या पाण्याने पुतळा धुऊन, पुरता वाळवून, प्रायमरचा हात दिला आणि बारीक कुंचल्याने नवे रंग चढवले. डोळे सर्वांत शेवटी, श्वास रोखून. मनगटावरची सांध्याची रेघ मात्र मी बुजवू दिली नाही.

यंदा रोपवाटिकेतून माती आणून अंगणात मुलांनी किल्ला केला आहे. महाराज तिथेच आहेत. आणायला जाताना चिरंजीवांनी मला विचारले नाही, आणि मीही काही बोललो नाही.