आपल्याच शिवारातले परदेशी सिनेमे

दर नोव्हेंबरात ॲमस्टरडॅमला माहितीपटांचा जगातला सर्वांत मोठा महोत्सव भरतो. २०११ साली तिथे ‘बिटर सीड्स’ या माहितीपटाला पर्यावरणविषयक चित्रपटांचा ‘ग्रीन स्क्रीन’ पुरस्कार मिळाला. नेदरलँड्सच्या थंडीत बसलेल्या प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलं ते यवतमाळ जिल्ह्यातलं तेलंग टाकळी हे गाव, तिथली पऱ्हाटी, कृषी केंद्रासमोरची गर्दी आणि सावकाराच्या दारात बसलेला शेतकरी.

दिग्दर्शक मिखा पेलेड हे इस्रायलमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले. आधीचे दोन माहितीपट पाहिल्याशिवाय ते इथे का आले हे उलगडत नाही. २००१ मधल्या ‘स्टोअर वॉर्स’मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या गावात वॉलमार्टचं दुकान येऊ द्यायचं की नाही, यावरून गावाचे दोन तट पडतात. २००५ चा ‘चायना ब्लू’ चीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात शिरतो. दोरे कापता कापता मशीनपाशीच झोपी जाणाऱ्या पोरी त्यात दिसतात. मग त्या जीन्सचा कापूस कुठून येतो, हा प्रश्न घेऊन पेलेड विदर्भात पोहोचले. दुकान, कारखाना, शेत असा तो उलटा माग आहे. जागतिकीकरणावरची कितीतरी भाषणं आपण ऐकली असतील, पण ही साखळी इतकी सरळ कुणी दाखवली नव्हती.

‘बिटर सीड्स’ एका हंगामाचा आहे, पेरणीपासून वेचणीपर्यंतचा. एका शेतकऱ्याला बी-खतासाठी पैसे हवेत. बँकेचं दार बंद आहे, म्हणून तो सावकाराकडे जमीन गहाण टाकतो. घरात मुलगी लग्नाची आहे. याच गावात एक कॉलेजात जाणारी तरुणी आहे. तिच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे आणि तिला पत्रकार व्हायचंय. हातात कॅमेरा घेऊन ती गावातल्याच माणसांना विचारत फिरते, की आपल्याकडे हे का होतंय? माझ्या मते या माहितीपटाचा जीव तिच्यात आहे. बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याला शेतकरी उत्तर देतो. तिला मात्र तो उत्तर देता देता थबकतो, कारण तिच्या घरात काय घडलं ते त्याला ठाऊक आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्याच महागाव तालुक्याला हा विषय कुणी सांगायला नको. तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे हे गावाचे सरपंच राहिलेले, भजन-गाण्यात रमणारे शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळच्या दत्तपूर इथे त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. राज्यातली पहिली नोंदली गेलेली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. अमर हबीब यांच्या पुढाकाराने किसानपुत्र आंदोलन २०१७ पासून दर १९ मार्चला एक दिवस अन्नत्याग करतं, ते याच घटनेच्या स्मरणात. ‘बिटर सीड्स’ मुख्य दोष देतो तो बीटी, म्हणजे जनुकबदल केलेल्या बियाण्याला. पण भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ मध्ये, म्हणजे चिलगव्हाणच्या घटनेनंतर सोळा वर्षांनी.

म्हणूनच ‘बिटर सीड्स’शी माझा एक ठाम मतभेद आहे. बियाणं कंपनीला त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, ते योग्यच. पण सगळा भार बियाण्यावर टाकला की कोरडवाहू जमीन, कापसाचा भाव, मोडकळीला आलेली सरकारी एकाधिकार खरेदी, थकलेलं कर्ज ही जुनी दुखणी मागे पडतात. १९८६ साली बीटीचं बी नव्हतं, तरी तोट्याची शेती होतीच.

ही बाजू दीपा भाटिया यांच्या ‘नीरोज गेस्ट्स’मध्ये जास्त नेटकी येते. २००९ चा हा माहितीपट पत्रकार पी. साईनाथ यांच्याबरोबर विदर्भातल्या घरांमध्ये जातो. रोमन सम्राट नीरोने रात्री उजेडासाठी माणसं जाळली, अशी इतिहासकार टॅसिटसची नोंद आहे. साईनाथ ही गोष्ट मेजवानीची म्हणून सांगतात आणि विचारतात ते पाहुण्यांबद्दल: तो उजेड अंगावर घेत खाणारे ते लोक कोण होते? मुंबईत २००६ साली सुती कपड्यांच्या फॅशन वीकला ५१२ पत्रकार हजर होते, हे साईनाथ यांनीच दाखवून दिलं होतं. त्याच आठवड्यात विदर्भात कापूस पिकवणारे मरत होते आणि तिथे राष्ट्रीय माध्यमांचे मोजकेच बातमीदार होते.

कथाचित्रपटात सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आहे. २००९ मध्ये तो रॉटरडॅमच्या महोत्सवात गेला. शेजारच्याने आत्महत्या केल्यावर शेतकऱ्याची बायको अलका हिला नवऱ्याची धास्ती वाटू लागते. ती लहानग्या पोराला त्याच्या मागावर पाठवते, घरात दाणा नसताना पुरणपोळीचा घाट घालते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी हे घर असं उभं केलंय की दुबार पेरणी म्हणजे काय, ते कृषी विभागाच्या अहवालापेक्षा इथे जास्त कळतं.

पण हे सगळं पाहतं कोण? स्वतंत्र माहितीपटामागे मोठी कंपनी नसते. अनेकदा वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक टीव्ही वाहिन्या आणि निधी थोडे थोडे पैसे घालतात, मग महोत्सव त्याला नाव मिळवून देतात. त्यामुळे परदेशात तो घरोघरी दिसतो, आणि इथे? थिएटरला त्यात धंदा दिसत नाही आणि सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. २००४ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांनाच ही अट घालायचं ठरलं; विरोधामुळे ती मागे घेतली गेली, पण अनेक चित्रपट नाकारले गेले, तेव्हा माहितीपटकारांनी समोरच ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ, पुण्यात आशय फिल्म क्लब यांनी प्रेक्षकांची पिढी घडवली. ही फिल्म सोसायट्यांची चळवळ तालुक्याच्या गावापर्यंत मात्र फारशी आली नाही, आणि नुकसान झालं ते ज्यांच्यावर चित्रपट निघाले त्यांचंच.

तेलंग टाकळीच्या शेतकऱ्याचं दुःख पाहून परदेशी प्रेक्षक हळहळतो. महागावचा शेतकरी ते पाहील तेव्हा हिशेब तपासेल: बियाण्याचं पाकीट कितीचं, फवारण्या किती, भाव काय लागला. चूक दिसली तर ती बोलून दाखवेल. ही टीका दिग्दर्शकांनाही हवी असते. त्याच बैठकीत ‘चायना ब्लू’ लावला, तर आपण वेचलेला कापूस पुढे कुणाच्या हातात जातो, तेही कळेल.

यासाठी लागतो एक प्रोजेक्टर, पांढरी भिंत, चांगला स्पीकर आणि दिग्दर्शकाची परवानगी. निवेदन इंग्रजी असेल तर एखाद्या शिक्षकाने मध्ये थांबून मराठीत सांगावं. उमरखेड, महागाव, आर्णी या पट्ट्यातल्या कॉलेजांनी, वाचनालयांनी आणि शेतकरी गटांनी वेचणी आटोपल्यावर महिन्याला एक चित्रपट दाखवायचा ठरवावा, आणि चर्चेला पहिली संधी कापूस वेचणाऱ्या बायांना द्यावी.